साक्षीदार भिजू नये म्हणून

गेल्या वर्षी आषाढात आमच्या घरी घडलेला प्रसंग अजून मनातून जात नाही. दुकानाच्या वसुलीची पिशवी सकाळी सापडेना. रात्री आपण ती घरी आणल्याचे पुतण्याला पक्के आठवत होते. दुकानात काम करणारा मुलगा उशिरा किल्ल्या द्यायला ओसरीवर येऊन गेला होता. उघड कोणी बोलले नाही, पण नजरा त्याच्याकडे वळल्याच. तो एवढेच म्हणाला, “काका, फाटकावर कॅमेरा आहे ना? त्यात बघा.”

आम्ही पाहिले. पडद्यावर फाटकाची चौकट काळी होती. शेवटची नोंद नऊ दिवसांपूर्वीची. दुपारी पिशवी दुकानातच वजनकाट्यामागे सापडली. आम्ही त्या मुलाची क्षमा मागितली, त्यानेही “असू द्या” म्हटले. परंतु त्या सकाळचे चार तास त्याला कोण परत देणार?

उभी हयात बँकेत गेल्यामुळे मला एक गोष्ट ठाऊक आहे. ज्या नोंदींचा वेळच्या वेळी ताळा घेतला जात नाही, त्या गरजेच्या क्षणी दगा देतात. कॅमेरा हीदेखील घराची किर्दच आहे. ती चोराविरुद्ध जशी साक्ष देते, तशीच निरपराध माणसाच्या बाजूनेही देते. म्हणूनच तिची निगा हे गृहस्थाचे कर्तव्य ठरते.

कारागिराने शिडीवर चढून पाहिले, तेव्हा कॅमेऱ्याची काच व भिंग शाबूत होते. बिघाड होता तो मागून लोंबणाऱ्या वायरीच्या जोडात. तो जोड नुसती चिकटपट्टी गुंडाळून उघड्यावर सोडला होता. पाणी शिरून आतील तांबे हिरवे पडले होते. खोक्यावर ‘आयपी ६६’ किंवा ‘आयपी ६७’ असे लिहिलेले असते. त्यातील पहिला ६ धुळीपासून पूर्ण संरक्षण सांगतो. दुसऱ्या स्थानी ६ असेल तर जोरदार फवाऱ्यापासून, ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाल्यासही संरक्षण मिळते. मात्र ही हमी कॅमेऱ्याच्या कवचाची असते. मागच्या उघड्या जोडाची नव्हे. आपण भाव करतो तो कॅमेऱ्याचा, आणि पाणी शिरते ते चार पैशांच्या जोडातून.

यावरचा उपाय साधा आहे. सर्व जोड जलरोधक जंक्शन बॉक्समध्ये घ्यावेत. वायर त्या डबीत वरून न आणता खालून आणावी, आणि आत शिरण्यापूर्वी तिला डबीच्या पातळीखाली एक वळण द्यावे. वायरीवरून ओघळणारे पाणी त्या वळणाच्या तळाशी थेंबाथेंबाने गळून जाते. भिंतीला टेकणारी कड सिलिकॉनने वरून व दोन्ही बाजूंनी बंद करावी. खालची बाजू मात्र मोकळी ठेवावी, म्हणजे चुकून शिरलेले पाणी निघून जाईल. आपल्याकडे पावसाचा मारा प्रामुख्याने नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो. त्या अंगाच्या भिंतीवरचा कॅमेरा शक्यतो छज्जाखाली असावा. काही जण कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधतात. तसे करू नये. आत दमटपणा कोंडतो व उष्णताही वाढते.

उन्हाचा त्रास पावसाहून कमी नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात तापमानाची मर्यादा दिलेली असते, बहुधा ५० किंवा ६० अंश. थेट उन्हात तापलेले कवच हवेपेक्षा बरेच गरम असते, हे ध्यानात घेऊन सावलीची झडप बसवून घ्यावी. कोकणपट्टीतील घरांना खाऱ्या हवेचा जाच असतो. तेथे साध्या लोखंडी स्क्रूऐवजी स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत.

वीज घरावरच कोसळावी लागते असे नाही. जवळपास पडली तरी लांब वायरीत विजेचा दाब एकाएकी चढतो आणि कॅमेऱ्यासह रेकॉर्डरही जळू शकतो. चांगले अर्थिंग व सर्ज प्रोटेक्टर जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावेत. शिडीवर चढण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करण्यास विसरू नये.

रात्री चित्र पांढरे दिसू लागले, तर दोष पुष्कळदा कोळ्याच्या जाळ्याचा असतो. अंधारात पाहण्यासाठी कॅमेऱ्यातून निघणारा अवरक्त प्रकाश आपल्याला दिसत नाही, परंतु भिंगासमोरच्या तंतूंवरून तो परततो व चित्र झाकोळते. येथे कीटकनाशक फवारण्याचे कारण नाही. त्याने जीवहानी होते, शिवाय प्लास्टिकचे आवरणही मंद पडू शकते. कॅमेऱ्याजवळचा दिवा दूर हलवावा. किडे तिकडे जातात आणि त्यांच्यामागून कोळीही. राहिलेले जाळे मऊ कुंचल्याने हलकेच बाजूला करावे. धूळ कोरड्या फडक्याने घासू नये, ओरखडे उठतात. आधी ती झटकावी, मग ओलसर मऊ कापडाने पुसावे. काचेच्या आतून धुके धरत असेल तर कोरड्या दिवशी कवच उघडावे, रबरी कडी स्वच्छ करावी व सिलिका जेलची पुडी बदलावी. हमीची मुदत चालू असेल तर हे काम विक्रेत्याकडूनच करून घ्यावे.

मान्सून मुंबईत सर्वसाधारणपणे ११ जूनला पोहोचतो. चातुर्मासाची तयारी सुरू होते त्याच सुमारास, मेअखेर, घरातील कर्त्या माणसाने ही पाहणी उरकावी. त्यापुढे दर महिन्याच्या १ तारखेला आदल्या रात्रीचे चित्रण प्रत्यक्ष उघडून पाहावे. कॅमेऱ्यावरचा दिवा लुकलुकतो म्हणजे नोंद होते, असे समजू नये. चित्र स्पष्ट आहे काय, दिनांक व वेळ बरोबर आहे काय, किती दिवसांची नोंद शिल्लक आहे, एवढे तीन प्रश्न पुरेत. या कामाला दहा मिनिटे लागतात.

आमच्या घरी हे काम आता पुतण्याकडे आहे, आणि तो ते न चुकता करतो. पुन्हा कधी कोणी दारात उभा राहून “कॅमेऱ्यात बघा” म्हणाला, तर त्याच्यासमोर ठेवायला आपल्यापाशी काही असले पाहिजे.