एल्व्हा नदीतील सॅमन माशांचा ऱ्हास व पुनरागमन : एक विवेचन

प्रस्तावना :
सॅमन हा मासा नदीत जन्म घेतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीकडे परततो. साहजिकच नदी व समुद्र यांना जोडणारा मार्ग अखंड असणे ही त्याच्या अस्तित्वाची पूर्वअट ठरते. हा मार्ग तुटल्यास काय घडते आणि तो पुन्हा खुला केल्यास कितपत भरून निघते, याचे विवेचन अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एल्व्हा नदीच्या आधारे प्रस्तुत लेखात केले आहे.

ऱ्हासाची कारणे :
या नदीवर १९१३ मध्ये एल्व्हा आणि १९२७ मध्ये ग्लाइन्स कॅन्यन ही जलविद्युत धरणे पूर्ण झाली. दोहोंतही माशांना वर जाण्यासाठी मार्ग ठेवला गेला नाही. भरपाई म्हणून उभारलेले मत्स्यबीज केंद्र १९२२ मध्ये बंद पडले. परिणामी सॅमनसाठी मुखाजवळचे सुमारे ८ किलोमीटरचेच पात्र उरले. त्यातही वाळू व खडी धरणांमागे अडकल्याने अंडी घालण्यायोग्य तळ खरवडला गेला. पॅसिफिक सॅमन अंडी घातल्यावर मरतात आणि त्यांच्या देहांतून समुद्रातील पोषकद्रव्ये अरण्यास मिळतात. नदीचा वरचा भाग या पोषणासही मुकला. १८५५ च्या तहाने मासेमारीचा हक्क मिळालेल्या क्लॅलम आदिवासींच्या बाबतीत तर हक्क कागदावर राहिला आणि मासे नाहीसे झाले.

पुनरुज्जीवन :
अमेरिकी संसदेने १९९२ मध्ये नदीच्या पुनर्स्थापनेचा कायदा संमत केला. प्रत्यक्ष धरणे पाडण्याचे काम सप्टेंबर २०११ मध्ये सुरू होऊन २०१४ मध्ये संपले. साठलेला गाळ एकदम वाहून मासे गुदमरू नयेत म्हणून ते टप्प्याटप्प्याने करण्यात आले. गढूळ पाण्याच्या काळात मत्स्यबीज केंद्रांनी स्थानिक वंश जपला. मुखाशी गाळाचा नवा किनारा तयार झाला. २०१४ मध्येच चिनूक सॅमन वरच्या धरणाच्या जागेपलीकडे पोहोचले. सॅमनचाच आप्त असलेल्या स्टीलहेड माशाची उन्हाळी फळी मत्स्यबीज केंद्राच्या मदतीविना परतली, हे विशेष लक्षणीय होय. धरणांमागे अडकलेल्या रेनबो ट्राउट माशांत समुद्रगमनाचा वारसा टिकून असल्याचे त्यावरून दिसते. आदिवासींनी २०११ पासून स्थगित ठेवलेली मासेमारी २०२३ मध्ये कोहो सॅमनपुरती, मर्यादित प्रमाणात पुन्हा सुरू झाली.

निष्कर्ष :
हे पुनरुज्जीवन अद्याप पूर्ण झालेले नाही. परतणाऱ्या चिनूकमध्ये मत्स्यबीज केंद्रातील माशांचा वाटा अजूनही मोठा आहे. तथापि, अडथळा कायम ठेवून केवळ मत्स्यबीज सोडल्याने नदी सावरत नाही. पाणी, गाळ व मासे या तिन्हींची वाट एकत्र मोकळी व्हावी लागते, हा बोध एल्व्हा नदी निश्चितपणे देते.