चढता आंकडा

२७ डिसेंबर २०२४ रोजीं चिलीमधील एका दुर्बिणीला जो लघुग्रह दिसला, त्याचें नांव '२०२४ वायआर ४'. व्यास सुमारें साठ मीटर. १९०८ सालीं सैबेरियांत तुंगुस्का येथें दोन हजार चौरस किलोमीटर अरण्य आडवें करणारा पिंड साधारण याच मापाचा होता. हा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजीं पृथ्वीवर आदळण्याची शक्यता जानेवारीअखेर शेंकडा एकाच्या वर गेली. १८ फेब्रुवारी २०२५ रोजीं ती ३.१ झाली. आघात झालाच तर ज्या प्रदेशांपैकीं कोठें तरी व्हावयाचा, त्यांत आपली मुंबईहि होती! पुढें आठवड्याभरांतच शक्यता नगण्य ठरली.

मग गणित चुकलें होतें काय? मुळींच नाहीं. थोडक्या वेधांवरून लघुग्रहाचें भावी स्थान एका बिंदूंत सांपडत नाहीं. तो जेथें असूं शकेल असा लांबच लांब पट्टा तेवढा हातीं येतो. वेध वाढले कीं पट्टा आखडतो. पृथ्वी मात्र आहे तेवढीच राहते; म्हणून ती पट्ट्याच्या आंत असेपर्यंत तिच्या वांट्याचा हिस्सा वाढत जातो, आणि आंकडाहि चढतो. फेब्रुवारीअखेर पट्टा आणखी आखडला, आणि पृथ्वी त्याच्या बाहेर राहिली.