खोटं सांगून घेतलेलं दान

नर्सीला नामदेवरायांचं दर्शन घेऊन औंढ्याला नागनाथाकडे निघालेल्या भाविकाचा हात खिशाकडे पटकन जातो. कुणी दिंडीच्या जेवणासाठी मागतो, कुणी लेकीच्या लग्नासाठी. आपण देतो. मग शंका येते, महाराज, तो खोटं बोलला असेल तर? ते दान, का फसवणूक?

कर्णाची गोष्ट घ्या. परशुराम अस्त्रविद्या ब्राह्मणालाच द्यायचे, म्हणून कर्ण म्हणाला, मी ब्राह्मण. खरं सांगितलं असतं तर विद्या मिळाली नसती. ही फसवणूक. पुढे इंद्र ब्राह्मणाच्या वेषात आला, कवचकुंडलं मागितली. वेष खोटाच! पण सूर्यदेवानं कर्णाला आधीच सावध केलं होतं. त्यानं ओळखून दिलं. इंद्र खोटा ठरला, पण कर्ण काही फसला नाही.

कायदाही हेच बघतो, की देणारा त्या खोट्याला भुलून देता झाला का. पूर्वी कलम 420 होतं, त्यावरून लबाडाला आपण चारसोबीस म्हणतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे. 7 वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ‘त्यांनी खुशीनं दिलं’ म्हणून सुटका नाही. ती खुशीच खोट्यावर उभी होती ना!

पण घाई करू नका. लग्नासाठी पैसे घेतले आणि सोयरीक मोडली, तर तो बाप लबाड नव्हे. घेताना मनात काय होतं ते बघायचं. अन्नदानासाठी खऱ्या मनानं गोळा केले आणि पुढे स्वतःच्या घराच्या स्लॅबला लावले, तर तो विश्वासघात. त्याचं कलम वेगळं, 316. आणि भूक खरी, पण गाव खोटं सांगितलं तर? आपण गाव ऐकून दिलं नव्हतं, भूक बघून दिलं होतं. त्याला मी तरी चोर म्हणणार नाही.

वर्गणीचं मात्र नीट बघा. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात 41 क हे कलम आहे. नोंदणी नसलेल्या मंडळालाही वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. पावती मागायला लाजायचं काय? संशय आला तर त्या कार्यालयात किंवा पोलीस ठाण्यात सांगा. दहा रुपयांसाठी कोण जाईल, असं वाटतं. पण हजार वारकऱ्यांचे दहा-दहा म्हणजे दहा हजार झाले, आणि मागून येणाऱ्या खऱ्या दिंडीला लोक हात आखडून बसले.