निम्म्या किमतीची पुस्तकं

इंग्लंडात रविवारी मैदानात मोटारी ओळीनं उभ्या राहतात आणि डिकी उघडून घरातली अडगळ विकली जाते. चार पैसे जमवायला मुलंही त्यात असतात. जळकोटसारख्या तालुक्याच्या गावी असा मेळा भरत नाही. पण पोरांचा बाजार इथंही आहे. दहावीचा शेवटचा पेपर झाला, की नववीतला पोरगा दारात हजर! "दादा, तुझी पुस्तकं मला दे की."

भाव बहुधा निम्मा. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पुस्तकं मोफत मिळतात. नववीपासून विकत घ्यावी लागतात. म्हणून या निम्म्या किमतीला मोल. घेणाऱ्याच्या घरचा भार हलका होतो, देणाऱ्याच्या अकरावीच्या वह्या येतात.

२०१८ साली दहावीचा अभ्यासक्रम बदलला. कव्हर घालून जपलेली पुस्तकंही मग रद्दीच्या तराजूत गेली. पुस्तक तेच, पण पुढं वाचणारा उरला नव्हता. किंमत कागदाची नसते, ती अशी कळते.

तेव्हा पालकहो, यंदा कपाट आवरताना रद्दीवाल्याला घाईनं हाक मारू नका. भाव पोरांनाच ठरवू द्या. आणि समोरच्याच्या खिशात तेवढेही नसतील, तर काय करायचं, तेही त्यांनाच ठरवू द्या.