वर्गवारी आणि प्रतवारी

'वर्गवारी' व 'प्रतवारी' हे शब्द एकाच अर्थी योजिलेले आम्हांस वारंवार आढळतात. 'वर्ग' संस्कृत, 'वार' हा प्रत्यय फारसी. त्यांची सोयरीक मराठीने जुळविली. वर्गात उच्चनीचता नसते. कवर्ग चवर्गाहून श्रेष्ठ नव्हे, केवळ उच्चारस्थान भिन्न. प्रतवारीत मात्र उत्तम-कनिष्ठ आलेच. कापसाची होते ती प्रतवारी. येथील हैदराबादी उर्दूत तिला 'दर्जाबंदी' म्हणतात. दर्जा तेथे उघडच बोलतो.

गतवर्षी आमच्या शाळेत 'विद्यार्थ्यांची वर्गवारी' या मथळ्याखाली 'हुशार, साधारण, मंद' असे रकाने आले, आणि आम्ही सहीही केली! मथळा सौम्य, म्हणून रकाने खुपले नाहीत. यंदा आम्ही मथळा बदलून 'प्रतवारी' असा केला. तो कागद भरावयास एकही शिक्षक पुढे येईना.