रोगापूर्वीचा उपाय : कुत्र्यामांजरांची आरोग्यरक्षा

मनुष्याने माणसाळविलेल्या प्राण्यांत कुत्रा हा सर्वांत प्राचीन होय. शिकारीवर जगणाऱ्या मानवी टोळ्यांबरोबर तो सहस्रावधी वर्षे हिंडला. पुढे शेती सुरू होऊन धान्याची कोठारे उभी राहिली, तेव्हा उंदरांच्या मागोमाग मांजरही वस्तीत आले. गाय, म्हैस, घोडा हे प्राणी गोठ्यात किंवा पागेत राहिले. कुत्रा व मांजर यांना मात्र घराच्या आत प्रवेश मिळाला. ती मुलांबरोबर खेळतात, अंथरुणाशी निजतात, अंगणातील माती उकरतात. या निकट सहवासामुळे त्यांच्या आरोग्याचा प्रश्न केवळ त्यांचा राहत नाही. तो त्या घराचा आणि गावाचाही प्रश्न होतो.

गुरांच्या रोगांचा शास्त्रीय अभ्यास आपल्या देशात बराच पूर्वी सुरू झाला. त्यासाठी १८८९ मध्ये पुणे येथे एक प्रयोगशाळा स्थापन झाली. १८९३ मध्ये ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. बरेलीनजीक इज्जतनगर येथील भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्था ही तिचीच वाढ होय. नांगराच्या बैलाची आणि दुभत्या म्हशीची किंमत पैशांत मोजता येते, म्हणून त्यांच्याकडे लक्ष प्रथम गेले. कुत्र्यामांजरांकडे ते उशिरा वळले. वस्तुतः त्यांच्या बाबतीत प्रतिबंधाची गरज अधिकच आहे. कारण त्यांना होणाऱ्या सर्वांत घातक रोगांवर, ते एकदा जडल्यानंतर, हमखास गुण देणारे औषध नाही. पशुवैद्याचे खरे सामर्थ्य रोगापूर्वी आहे, नंतर नाही.

चीक आणि लस

नवजात पिलाच्या अंगी रोगाशी झुंजण्याची शक्ती फारच थोडी असते. ती त्याला मुख्यतः आईच्या चिकातून मिळते. आईच्या रक्तात पूर्वी तयार झालेली रोगविरोधी द्रव्ये, म्हणजेच प्रतिपिंडे, चिकावाटे पिलाच्या पोटात जातात आणि जन्मानंतरच्या पहिल्या दिवसातच आतड्यातून रक्तात शोषली जातात. पुढे आतड्याचे हे द्वार बंद होते. म्हणून पिलाला पहिल्याच दिवशी आईपासून तोडणे हे त्याची ढाल काढून घेण्यासारखे आहे.

ही ढाल कायमची नसते. आईकडून आलेली प्रतिपिंडे आठवड्यागणिक क्षीण होत जातात. त्यांचा आणखी एक गुण असा की, ती जशी रोगाच्या विषाणूंना निष्प्रभ करतात, तशीच लशीलाही करतात. प्रतिपिंडे भरपूर असताना लस टोचली तर ती वाया जाते. ती पूर्ण ओसरेपर्यंत थांबले तर मधल्या काळात पिलू उघडे पडते. ती नेमकी केव्हा ओसरतील हे प्रत्येक पिलाच्या बाबतीत भिन्न असते; एकाच विताच्या दोन पिलांतही फरक पडतो.

या अडचणीतून शास्त्राने सोपा मार्ग काढला. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात टोचावयाची आणि नंतर दर तीन-चार आठवड्यांनी, पिलू निदान सोळा आठवड्यांचे होईपर्यंत, ती पुन्हा पुन्हा द्यावयाची. म्हणजे त्यांपैकी एखादी तरी योग्य वेळी लागू पडते. पुष्कळ लोक एक लस टोचून निश्चिंत होतात. तीन-साडेतीन महिन्यांचे पिलू मग आजारी पडून मरते आणि दोष लशीला दिला जातो. वास्तविक दोष अपुऱ्या टोचणीचा असतो. पहिली मालिका संपल्यावर साधारण एक वर्षाच्या सुमारास पुन्हा एक लस द्यावी लागते. त्यापुढील अंतर पशुवैद्य ठरवितो. लस दोन ते आठ अंश सेल्सियस या तापमानातच टिकते, हेही विसरता कामा नये. उन्हात राहिलेली बाटली ही नुसते पाणी टोचल्यासारखीच होय.

एका रोगाचा बोधप्रद इतिहास

कुत्र्यांच्या डिस्टेंपर या रोगाचे वर्णन देवीच्या लशीचा जनक एडवर्ड जेन्नर याने १८०९ मध्ये केले होते. ताप, डोळ्यांतून व नाकातून चिकट स्राव, खोकला, ओकारी आणि अखेरीस झटके असा त्याचा क्रम असतो. वाचलेल्या कुत्र्याच्या अंगाचे स्नायू कधी कधी आयुष्यभर फडफडत राहतात. १९०५ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी कारे याने, जीवाणूंना अडविणाऱ्या गाळणीतूनही पार जाणारा विषाणू हे या रोगाचे कारण असल्याचे दाखविले. पुढे इंग्लंडमध्ये शिकारी कुत्री पाळणाऱ्या मंडळींनी वर्गणी जमविली आणि तिच्या साह्याने लेडलॉ व डंकिन यांनी लंडनजवळ मिल हिल येथे या रोगावर लस सिद्ध केली. मुंगसासारख्या दिसणाऱ्या फेरेट या प्राण्याचा त्यांनी प्रयोगांसाठी उपयोग केला. हाच अनुभव कामी येऊन १९३३ मध्ये माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू प्रथम फेरेटमध्येच वेगळा करता आला आणि त्या शोधातही लेडलॉ यांचा वाटा होता. कुत्र्यांसाठी जमविलेली वर्गणी अशा रीतीने मनुष्यजातीच्या उपयोगी पडली.

डिस्टेंपरचा विषाणू कुत्र्यापुरता थांबत नाही. १९९४ मध्ये आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या अरण्यात त्याने सुमारे एक तृतीयांश सिंहांचा बळी घेतला. भोवतालच्या गावांतील कुत्र्यांकडे त्या वेळी बोट दाखविले गेले. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गुजरातमधील गीरच्या अरण्यात वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा त्यांतील काहींच्या शरीरात हाच विषाणू आढळला आणि सिंहांसाठी परदेशाहून लस मागवावी लागली. आशियाई सिंह आज मुक्त अवस्थेत सौराष्ट्राबाहेर कोठेही नाही. अरण्याच्या कडेला असलेल्या गावातील कुत्र्यांना लस टोचणे हे अशा दृष्टीने वनरक्षणाचेही काम ठरते.

दुसरा रोग पार्व्हो. हा अगदी नवा आहे. १९७८ च्या सुमारास तो प्रथम ओळखला गेला आणि दोन वर्षांच्या आत जगभर पसरला. मांजरांच्या एका विषाणूशी त्याच्या विषाणूचे अतिनिकटचे नाते आहे. रक्तमिश्रित हगवण व सतत ओकारी यांनी पिलाच्या अंगातील पाणी आटते आणि काही दिवसांतच ते प्राण सोडते. हा विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतो. म्हणूनच जेथे एक पिलू या रोगाने मेले, तेथे लस पूर्ण न झालेले दुसरे पिलू आणू नये.

मांजरांतही पॅनल्यूकोपेनिया हा असाच घातक रोग आहे. त्यात रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात. गाभण मांजरीला तो झाला तर जन्मणाऱ्या पिलांचा लहान मेंदू अपुरा राहतो आणि ती जन्मभर झोकांड्या खात चालतात. मांजर आपली काळजी आपणच घेते, हा समज म्हणून टाकून दिला पाहिजे. तिलाही कुत्र्याप्रमाणेच लशीची मालिका आवश्यक आहे.

अलर्क : पिसाळण्याचा रोग

पिसाळलेल्या कुत्र्याचे भय फार जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात अशा दंशाचे वर्णन असून, पाण्याचे भय उत्पन्न झालेला रोगी वाचत नाही असे सांगितले आहे. इतक्या शतकांनंतरही हा निर्णय जवळजवळ तसाच कायम आहे. रेबीज किंवा अलर्क या रोगाचा विषाणू लाळेतून जखमेत शिरतो आणि ज्ञानतंतूंच्या मार्गाने सावकाश मेंदूकडे जातो. या प्रवासाला बहुधा दोन-तीन महिने लागतात. कधी थोडे आठवडे, तर कधी वर्षाहूनही अधिक काळ. हा विलंब हीच मनुष्याची संधी होय.

६ जुलै १८८५ रोजी पॅरिस येथे लुई पाश्चर याने जोझेफ मेस्टर या नऊ वर्षांच्या मुलावर लशीचा प्रयोग केला आणि तो मुलगा वाचला. भारतात १९०० मध्ये कसौली येथे व १९०७ मध्ये कुन्नूर येथे पाश्चर संस्था निघाल्या. कसौली येथे डेव्हिड सेंपल याने मेंढीच्या मेंदूपासून बनविलेली लस पुढे अनेक दशके वापरात होती. ती पोटात अनेक दिवस टोचावी लागे आणि क्वचित तिच्यामुळे पक्षाघातही होई. २००४ च्या अखेरीस आपल्या देशात ती बंद झाली. पेशींच्या संवर्धनातून बनविलेली व दंडात टोचली जाणारी निर्धोक लस आता वापरली जाते.

दंशानंतरची लस त्या एका माणसाला वाचविते. कुत्र्यांमधील रोग मात्र तसाच राहतो. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने मरतात असा अंदाज आहे. त्यांत आशिया व आफ्रिका या खंडांतील गरीब कुटुंबांचा भरणा अधिक असून मुलांचे प्रमाण फार मोठे आहे. मनुष्याला होणारा हा रोग शंभरांत नव्व्याण्णव वेळा कुत्र्याकडून येतो. तेव्हा मूळ उपाय कुत्र्याला लस हाच होय. एक पिसाळलेला कुत्रा सरासरीने एका-दोघांनाच रोग देतो. म्हणून वस्तीतील शंभरांपैकी सत्तर कुत्र्यांना लस टोचली आणि हे प्रमाण वर्षानुवर्षे टिकविले, तर साखळी तुटते. कुत्री मारून हे साधत नाही. रिकाम्या झालेल्या जागी बाहेरची कुत्री येतात, आणि मारलेल्यांत लस टोचलेलीही गेलेली असतात.

गोवा राज्याने हे प्रत्यक्ष दाखवून दिले. तेथे शासन आणि स्वयंसेवी संस्था यांच्या सहकार्याने भटकी कुत्री जाळ्यात धरून जागच्या जागी लस टोचून सोडण्यात आली. दरवर्षी अशा टोचण्यांची संख्या एक लाखाच्या जवळपास गेली, आणि शाळाशाळांतून मुलांना दंशापासून बचावाचे शिक्षण दिले गेले. २०१८ ते २०२० या तीन वर्षांत तेथे या रोगाने मनुष्याचा एकही मृत्यू नोंदला गेला नाही. २०२१ मध्ये ते रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला, म्हणजे पाश्चरच्या स्मृतिदिनी, कुत्र्यांमुळे होणारा हा रोग २०३० पर्यंत देशातून हटविण्याची राष्ट्रीय योजना जाहीर करण्यात आली.

घरच्या कुत्र्याला व मांजराला तीन महिन्यांच्या वयात ही लस टोचावी, एका वर्षाने पुन्हा टोचावी आणि पुढे पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणे चालू ठेवावी.

जंत, गोचीड आणि पावसाळा

कुत्र्याच्या पिलाच्या पोटात जंत बहुधा जन्मापूर्वीच, आईच्या उदरातून, आलेले असतात. म्हणून जंताचे औषध दोन आठवड्यांच्या वयापासून सुरू करून दर पंधरवड्याला द्यावे लागते. विष्ठेतून पडलेली गोल जंतांची अंडी मातीत काही आठवडे राहिल्यानंतरच रोगकारक होतात. तेव्हा विष्ठा रोजच्या रोज उचलून पुरली, तर अर्धे काम होते. अन्यथा मातीत खेळणाऱ्या मुलाच्या पोटात ती जातात आणि त्यांतून निघालेल्या अळ्या शरीरात भटकत क्वचित डोळ्यापर्यंत पोहोचून दृष्टीला अपाय करतात.

गोचिडी केवळ रक्त पितात असे नाही; रक्तातील पेशींचा नाश करणारे सूक्ष्म जंतूही त्या कुत्र्याच्या शरीरात सोडतात. कान, मान व बोटांमधील जागा रोज तपासाव्यात. पावसाळ्यात उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यांना व माणसांनाही होतो. मुंबईने २००५ च्या महापुरानंतर त्याचा अनुभव घेतला. कुत्र्यांसाठी त्याची लस दर वर्षी टोचावी लागते.

एक इशारा आवश्यक आहे. माणसाचे औषध प्राण्याला, किंवा कुत्र्याचे मांजराला, आपल्या मनाने देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा प्राण घेऊ शकते. कुत्र्यांच्या गोचिडींसाठी वापरले जाणारे परमेथ्रिनही मांजराला विषवत आहे. कांदा, लसूण, चॉकलेट आणि द्राक्षे ही दोघांनाही वर्ज्य समजावीत.

दंश झाल्यास

कुत्रा किंवा मांजर चावले अथवा ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. मिरची, चुना, हळद, तेल यांपैकी काहीही लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे आणि लशीच्या सर्व मात्रा ठरलेल्या दिवशी पुऱ्या कराव्यात. जखमेतून रक्त आले असल्यास लशीखेरीज जखमेतच तयार प्रतिपिंडे टोचावी लागतात. चावलेला प्राणी दहा दिवस जिवंत व निरोगी राहिला, तर दंशाच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे समजतात. परंतु तोपर्यंत उपचार लांबवू नयेत. मुलाने दंशाची गोष्ट सांगितली तर त्याला रागावू नये. रागाच्या भीतीने मूल दंश लपविते, आणि त्याच्या मौनात संधीचे ते दिवस निघून जातात.

यांतील एकही उपाय अवघड किंवा फार खर्चाचा नाही. प्रत्येक प्राण्याच्या नावाची एक लहान वही करावी आणि तीत जन्म, लस व जंताचे औषध यांच्या तारखा लिहाव्यात. हे काम घरातील शाळकरी मुलेही आवडीने करतील. ज्या घरात अशी वही नीट ठेवली जाते, तेथे प्राणी सुखरूप राहतात आणि त्यांच्याशी खेळणारी मुलेही.