पांढऱ्या प्रवाळाची नोंद

सिंधुदुर्गाच्या तटाला वळसा घालून होडी खडपालगतच्या वाळूत नांगर टाकते आणि वैशाखातल्या त्या संथ पाण्यात उतरलेला पाहणीदार कमरेची चौकोनी रंगपट्टी सोडवून प्रवाळाशेजारी धरतो, तेव्हा सुरू होणारे काम समुद्राच्या भव्यतेशी विसंगत वाटावे इतके कारकुनी असते. क्वीन्सलंड विद्यापीठातल्या ‘कोरलवॉच’ उपक्रमाच्या या पट्टीवर प्रत्येक रंगाच्या १ ते ६ अशा छटा आहेत. प्रवाळाचा सर्वांत फिका व सर्वांत गडद भाग निवडून दोहोंचे आकडे पाटीवर टिपायचे आणि पुढे सरकायचे.

प्रवाळाचा म्हणून आपण वाखाणतो तो रंग बव्हंशी त्याच्या पेशींत वस्तीला असलेल्या सूक्ष्म शैवालांचा असतो, आणि सूर्यप्रकाशावर सिद्ध केलेल्या अन्नाचा मोठा वाटा ती यजमानालाच देतात. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल सरासरीहून अवघा १ अंश सेल्सिअस अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, की शैवालांची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडून ऑक्सिजनची दाहक रूपे निर्माण होतात व प्रवाळ आपल्या अन्नदात्यालाच बाहेर घालवतो. उरते पारदर्शक मांस आणि त्यातून दिसणारा चुन्याचा सांगाडा.

मी पाहिलेल्या पोराइट्सच्या एका उंचवट्याचा माथा, जिथे ऊन थेट पडते, १ क्रमांकाइतका पांढरा, तर सावलीतली बगल ४ क्रमांकाची तपकिरी होती. डोळा अगदी जवळ नेल्यावर माथ्यावरच्या मिलिमीटरभर खळग्यांत मांस शाबूत असल्याची खातरजमा झाली. शेजारच्या टर्बिनारियाची कड मात्र हिरवट लवेने माखलेली, म्हणजे मेलेली. सहलीला आलेल्या मंडळींनी पहिल्याला सुंदर म्हटले, दुसऱ्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. नोंदवहीत पहिला उपासमारीत जिवंत, दुसऱ्याची कड मृतांच्या रकान्यात.

निकाल दसऱ्यानंतरच कळायचा, कारण पावसाळाभर होड्या बंद आणि पाणी गढूळ. मृगाच्या ढगांनी पाणी वेळेवर निवले तर शैवाले परततातही. परंतु तगलेला प्रवाळ पुढे बराच काळ कमी वाढतो, कमी प्रजनन करतो, आणि ही झीज छटांच्या आकड्यांत उतरत नाही, हे मला या पद्धतीतले मोठे न्यून वाटते. लक्षद्वीपच्या प्रवाळांवर १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली हे संकट आले. फांद्यांच्या शीघ्रवर्धी जातींनाही सावरायला दशकभराचा अवधी लागत असताना, पहिल्या दोहोंमधली १२ वर्षांची सवड पुढे ६ आणि ८ वर्षांवर आली आहे.